पेन ड्राइव्हवाला शंख, केबलवाला शिंपला

समजा, दोन वेगवेगळ्या शहरांतल्या दोन मशीनवर अगदी एकच फाइल सापडली. नाव तेच, साइझ तीच, आतला मजकूरही तोच. यावरून काय म्हणाल? नवखा माणूस म्हणेल, "या दोन मशीन एकमेकींना जोडलेल्या होत्या." सिस्टिम अ‍ॅडमिनच्या शेजारी ज्याने चार दिवस काढलेत तो म्हणेल, "थांब जरा. कोणीतरी पेन ड्राइव्हवरून नेली असेल."

आजचा विषय मात्र मशीनचा नाही. विषय आहे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या तळ्यांचा, त्यात राहणाऱ्या शंख-शिंपल्यांचा, आणि त्यांच्यावरून "ही तळी एकमेकांना जोडलेली होती" असं म्हणायच्या मोहाचा. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. दोन ठिकाणी एकच शंख सापडला एवढ्यावर दोन तळी जोडायची नाहीत. आधी विचारायचं की हा प्राणी प्रवास कसा करतो? काही प्राणी पेन ड्राइव्हवरून जातात, काहींना केबलच लागते. साक्ष केबलवाल्याची धरायची.

आता थोडी पार्श्वभूमी. आपलं दख्खनचं पठार म्हणजे लाव्हाच्या चादरींची चळत, हे शाळेत वाचलेलं असतं. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा हा प्रकार. आज उरलेला काळा दगडच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलाय. पण शाळेच्या पुस्तकात एक गोष्ट राहून जाते. हा लाव्हा काही एका दमात आला नाही. एक प्रवाह यायचा, थंड व्हायचा, आणि मग शांतता. कधी थोडी, कधी हजारो वर्षांची. लाव्हाने ओढे अडायचे, खोलगट जागी पाणी साचायचं, गाळ बसायचा. शेवाळ यायचं, मासे यायचे, बेडूक, कासवं, शंख, शिंपले... सगळा संसार थाटून व्हायचा. आणि मग पुढचा लाव्हा यायचा आणि सगळं झाकून टाकायचा. तळं सीलबंद!

लाव्हाच्या दोन थरांमध्ये अडकलेल्या या गाळाला भूशास्त्रात 'इंटरट्रॅपियन' थर म्हणतात. जाडी कधी वीतभर, कधी काही मीटर. मुंबईकरांनी उगाच "हे विदर्भातलं काहीतरी" म्हणून पान बंद करू नये. मुंबई बेटावरच्या अशाच थरातल्या एका चिमुकल्या बेडकाचं वर्णन रिचर्ड ओवेनने १८४७ साली केलं होतं. 'डायनोसॉर' हा शब्द घडवणारा ओवेन तो हाच.

पण या थरांचा खरा हीरो बेडूक नाही, तो एक शंख आहे. फायसा प्रिन्सेपी. मद्रास सैन्यातले डॉक्टर माल्कमसन यांनी दख्खनमधून जमवलेल्या जीवाश्मांत तो होता, आणि सोवर्बी यांनी १८४० साली त्याला हे नाव दिलं. आता तज्ज्ञ त्याला प्लॅटिफायसा म्हणतात, पण जुनं नाव सुटत नाही (बॉम्बे आणि मुंबईसारखंच). ओळखायला सोपा. शंखाचं टोक वर धरून तोंड आपल्याकडे केलं की बहुतेक शंखांचं तोंड उजवीकडे येतं, याचं डावीकडे. डावखुरा शंख. आणि आजच्या फायसांच्या मानाने चांगलाच मोठा.

या शंखाला खरा न्याय दिला तो नागपूरच्या स्टीफन हिस्लॉपने. होय, हिस्लॉप कॉलेजवाले हिस्लॉप. १८४५ साली नागपुरात आलेला हा स्कॉटिश मिशनरी धर्मप्रसाराच्या कामातून वेळ काढून दगड फोडत हिंडायचा. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्याबरोबर त्याने नागपूर परिसराच्या भूशास्त्रावर लिहिलं, आणि १८६० साली या थरांतल्या शंख-शिंपल्यांचं सविस्तर वर्णन लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापलं. त्याची लाडकी जागा म्हणजे टाकळी. तेव्हा नागपूरच्या बाहेर होती, आज 'पोलीस लाइन टाकळी' म्हणून शहराच्या पोटात आहे. १८६३ साली पाण्याच्या प्रवाहात बुडून हिस्लॉप गेला. वय ४५. तळ्यांचा अभ्यास करणाऱ्याचा शेवट पाण्यातच व्हावा, हे वाचून जरा गलबलायला होतं.

असो. मूळ मुद्दा. हा फायसा एकट्या नागपुरात सापडत नाही. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, तेलंगण, कर्नाटक, बऱ्याच ठिकाणी इंटरट्रॅपियन थरात तो भेटतो. नकाशा घ्या, ठिपके काढा, आणि हात शिवशिवायला लागतो की नाही बघा. ठिपके जोडावेसे वाटतात. डोळ्यापुढे एक अवाढव्य सरोवर येतं, नागपूरपासून पार कर्नाटकापर्यंत. किंवा एकमेकांना ओढ्या-नाल्यांनी जोडलेल्या तळ्यांची माळ. चित्र सुंदर आहे. पण त्याला तीन अडचणी आहेत.

पहिली अडचण प्रवासाची. इथे डार्विनला बोलवायलाच हवं. १८५९ च्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'मध्ये त्याने एक भन्नाट प्रयोग सांगितलाय. पाण्याच्या टाकीत गोड्या पाण्यातल्या गोगलगायींची अंडी उबत होती, त्यात त्याने बदकाचे पाय लोंबत ठेवले. नुकती जन्मलेली बारीक पिल्लं त्या पायांवर चढली आणि अशी घट्ट बसली की झटकूनही सुटेनात. दमट हवेत, पाण्याबाहेर, ती १२ ते २० तास जगली. डार्विनचा हिशोब असा की एवढ्या वेळात बदक किंवा बगळा ६००-७०० मैल सहज जाईल. म्हणजे हजारेक किलोमीटर. नागपूर ते कर्नाटकातलं गुरमटकळ (इथेही फायसा मिळतो) हे अंतर सरळ रेषेत साधारण ५०० किलोमीटर. बदक अर्ध्या तिकिटात पोचेल!

त्यात आजच्या फायसांसारख्या गोगलगायी हवेतून श्वास घेतात, आणि एकटी गोगलगायसुद्धा स्वतःच्या स्वतः अंडी घालून संसार उभा करू शकते. मत्स्यालयांच्या वनस्पतींबरोबर फिरत फिरत आजचा एक फायसा जगभर पसरलाय तो याच जोरावर. एक गोगलगाय, एक डबकं, काम झालं. याहून सोपी पेन ड्राइव्ह कुठली?

"पण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी बदकं कुठे होती?" असं कोणीतरी विचारेलच. बदकांच्या नात्यातला मानला गेलेला वेगाविस नावाचा पक्षी त्याच सुमाराचा आहे, अंटार्क्टिकातला. पण बदकावाचून अडत नाही. बेडूक होते, कीटक होते, पूर होते. आणि चिखलात पाय भरवून एका तळ्यावरून दुसऱ्या तळ्यावर जाणारे डायनोसॉर होते. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला लाव्हाच्या खालच्या 'लामेटा' थरात अजस्र डायनोसॉरांची हाडं आणि हा फायसा दोन्ही मिळतात. म्हणजे लाव्हा यायच्या आधीपासून शंखाचा आणि डायनोसॉरांचा शेजार होता. पायाच्या चिखलातून कोण कुठे गेलं, कोणी बघितलंय?

दुसरी अडचण वेळेची. दोन तळी जोडलेली असायची तर आधी ती एका वेळी अस्तित्वात हवीत ना! मुख्य लाव्हाचा काळ ढोबळमानाने १० लाख वर्षांच्या आतबाहेर धरतात. आपल्याला हा काळ 'एकदम' वाटतो, कारण ६.६ कोटींपुढे दहा लाख म्हणजे किरकोळ. पण तळ्याच्या दृष्टीने तो अनंतकाळ आहे. एक तळं भरलं, गाळाने बुजलं, लाव्हाखाली गेलं, आणि पन्नास हजार वर्षांनी दुसरीकडे दुसरं तळं झालं, तर दोघांत तोच शंख सापडेल. कारण शंखाची जात तेवढा काळ सहज टिकते. दोन सर्व्हरचे लॉग समोर आहेत, एन्ट्री सारखी आहे, पण टाइमस्टँप नाही. अशा लॉगवरून 'दोघं एकमेकांशी बोलत होते' म्हणणाऱ्याला आपण रिव्ह्यूमध्ये काय करू ते सांगायला नको.

तिसरी अडचण ओळखीची. शंख म्हणजे प्राण्याचं घर, प्राणी नव्हे. तळ्यातलं पाणी संथ की वाहतं, चुना किती, खाणं किती, यावर एकाच जातीच्या शंखांचा आकार बदलतो. उलट, दोन निराळ्या जातींची घरं सारखी दिसू शकतात. साडेसहा कोटी वर्षांच्या शंखातून डीएनए मिळायची आशा नाही. म्हणजे आपण फाइलचं नाव आणि आयकॉन जुळवतोय, चेकसम नाही.

आता म्हणाल, मग संपलंच की! शंख-शिंपल्यांवरून काहीच कळत नाही. नाही हो. कळतं. फक्त साक्षीदार निवडावा लागतो.

गोड्या पाण्यातले मोठे शिंपले घ्या, युनिओ आणि त्याचं गणगोत. आपल्या नद्यांत आजही त्यांचे नातेवाईक आहेत. यांचं बालपण विलक्षण असतं. आई पिल्लं पाण्यात सोडते ती डोळ्यालाही धड दिसणार नाहीत एवढी बारीक, आणि त्यांना माशाच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटावंच लागतं. काही दिवस किंवा आठवडे माशावर काढायचे, मग गळून तळाशी पडायचं आणि शिंपला म्हणून आयुष्य सुरू करायचं. कोणताही मासा चालतो असंही नाही. काही जातींचं ठरलेल्या एक-दोन माशांशिवाय पान हलत नाही. मासा नाही तर पुढची पिढी नाही.

म्हणजे असा शिंपला दोन खोऱ्यांत सापडला आणि दोन्हीकडे नांदताना सापडला, तर त्या दोन खोऱ्यांमधून कधीतरी मासा पोहत गेलाय असं मानायला चांगला आधार आहे. मासा पोहायला पाणी लागतं. ही झाली केबल.

इथेही डार्विनने आधीच काडी घालून ठेवलीय. १८७८ साली त्याने 'नेचर'मध्ये एक टिपण छापलं. अमेरिकेत एकाने मारलेल्या बदकाच्या बोटाला चक्क युनिओ चिमटा घेऊन बसलेला होता! आणि १८८२ साली, मृत्यूच्या जेमतेम दोन आठवडे आधी, त्याचं अगदी शेवटचं टिपण आलं, तेही याच विषयावर. एका पाणकिड्याच्या पायाला इवलासा शिंपला चिकटलेला सापडला होता. किडा पाठवणारा माणूस नॉर्दॅम्प्टनचा, नाव डब्ल्यू. डी. क्रिक. डीएनएची रचना शोधणाऱ्या फ्रान्सिस क्रिकचे हे आजोबा. काय योगायोग आहे बघा :-)

मग केबलचं काय झालं? किड्याच्या पायाला होता तो छोट्या जातीचा शिंपला. त्या जातीत नर-मादी एकातच असतात आणि पिल्लं आईच्या पोटातच वाढतात. एकटा पोचला तरी निभावतं. तो पेन ड्राइव्हवालाच. युनिओचं तसं नाही. बदकाने एक युनिओ उचलून दुसऱ्या तळ्यात टाकला तरी बहुतेक जातींत नर-मादी वेगळे, आणि त्यावर पुन्हा योग्य मासा तिथे आधीपासून हवा. आपल्या भाषेत, फाइल कॉपी झाली पण डिपेन्डन्सी नाही, प्रोग्राम चालणार नाही. म्हणून एकटादुकटा शिंपला म्हणजे पुरावा नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या नांदलेली वसाहत म्हणजे पुरावा. शिवाय युनिओचा पुरावा 'पाण्याची वाट होती' एवढंच सांगतो. ती वाट म्हणजे एकच मोठं सरोवर, की एका नदीने दुसरीचं पाणी पळवलं, की पुरात दोन खोरी तात्पुरती एक झाली, हे तो सांगत नाही. ते दगडांनी सांगायचं.

सगळे साक्षीदार एकत्र आले की काय होतं त्याचं उदाहरण आफ्रिकेत आहे. केनियातलं तुर्काना सरोवर. आज त्याला बाहेर जायला वाट नाही, पाणी मचूळ. पण त्यात नाईल पर्चसारखे नाईलचे मासे आहेत. आजच्या पातळीपेक्षा सुमारे ९० ते १०० मीटर वर जुने किनारे दिसतात, त्यांत गोड्या पाण्यातले शंख-शिंपले पडलेले, आणि त्या शिंपल्यांचं रेडिओकार्बनने वय काढता येतं. ते साधारण १० हजार वर्षांपूर्वीच्या पावसाळी काळाकडे बोट दाखवतं. एवढं पाणी चढलं की ते वायव्येकडून ओसंडून नाईलच्या खोऱ्यात उतरत होतं. मासे म्हणतात जोडणी होती, किनारा म्हणतो पाणी तेवढं वर होतं, शिंपले तारीख देतात. केबल आहे, टाइमस्टँप आहे, रूट आहे. इथे ठिपके जोडायला माझी काही हरकत नाही.

दख्खनमध्ये रेडिओकार्बन कामाचा नाही, तो पन्नासेक हजार वर्षांतच दमतो. वरखालच्या लाव्हाचं वय काढता येतं, पण ते एवढं बारीक येत नाही की दोन तळी समकालीन होती हे छातीठोक सांगावं. पण साक्षीदार आहेत. हिस्लॉपच्या यादीत फायसाबरोबर युनिओही आहेत. शिवाय शंख-शिंपले आणखी एक गोष्ट इमानदारीने सांगतात, ती म्हणजे पाण्याची चव. गोदावरीकाठी राजमहेंद्रीजवळच्या कातेरूच्या थरात खाडीत राहणाऱ्या जाती मिळतात. म्हणजे तिथे समुद्र हाताशी होता. 'सगळीकडे एकच गोडं सरोवर' हे चित्र तिथेच फाटतं. उलट, आज समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या छिंदवाड्याजवळच्या झिलमिलीत समुद्री सूक्ष्मजीवांचे आणि मचूळ पाण्यातल्या जातींचे जीवाश्म सापडले. त्यावरून २००९ साली गेर्टा केलर, सुनील बाजपेयी आदींनी मांडलं की समुद्राची एक चिंचोळी शाखा मध्य भारतात शिरली होती. त्यावर वाद घालायला जागा आहे, पण वाद घालायची पद्धत मला आवडते. एका प्राण्यावर विसंबायचं नाही. दोन-तीन गट घ्यायचे, प्रत्येकाचं पाणी कुठलं ते विचारायचं, आणि मग बोलायचं.

आता हे सगळं तुम्हा-आम्हाला कशासाठी? तर यासाठी, की या खटल्याचे पुरावे रोज नष्ट होतायत आणि त्यात आपला हात लागू शकतो.

शंख किती सुंदर आहे याला या कामात फारशी किंमत नाही. किंमत आहे तो कसा पडला होता याला. शिंपल्याच्या दोन्ही झडपा मिटलेल्या आहेत का? म्हणजे तो तिथेच जगला, तिथेच मेला. झडपा सुट्या, झिजलेल्या आहेत? म्हणजे वाहून आला. पिल्लं आणि मोठे एकत्र आहेत? म्हणजे घर होतं, पाहुणा नव्हता. शेजारी माशाचे काटे, खवले आहेत? खाली कुठला लाव्हा, वर कुठला? पेन ड्राइव्ह की केबल, याचं उत्तर या तपशिलात आहे. आणि हा तपशील शंख उचलून खिशात घातल्या क्षणी जातो. घरच्या शोकेसमध्ये उरतो तो सोर्स आयपी पुसलेला लॉग.

मोठ्या हाडांना निदान वाली आहे. गुजरातेत रैयोलीला २०१९ साली डायनोसॉरांचं संग्रहालय उघडलं, चांगलंच झालं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने भूवारसा स्थळांच्या जतनासाठी विधेयकाचा मसुदाही लोकांपुढे ठेवला. पण कायद्याच्या यादीत नाव चढतं ते नजरेत भरणाऱ्या जागांचं. वीतभर जाडीचा, शेताच्या बांधाखाली दिसणारा राखाडी थर कोण नोंदवणार? तो विहीर खणताना उघडा पडतो, रस्ता रुंद करताना उघडा पडतो, आणि त्याच कामात संपून जातो. टाकळी शहरात गेली तशा आणखी किती जागा जातील. शहर वाढू नये असं मी म्हणत नाही. मी स्वतः अशाच वाढलेल्या शहरात नोकरी करतो. पण पाडण्याआधी बॅकअप घेतात, एवढं तर आपल्या धंद्यात शेंबडं पोरही जाणतं.

तेव्हा वीकेंडला कातळकड्यांत, धबधब्यांत भटकताना काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये फिकट, गारेसारखा कठीण किंवा मातकट पट्टा दिसला आणि त्यात शंख दिसला, तर उचलू नका. शेजारी पेन किंवा नाणं ठेवून फोटो काढा, मग लांबून वरखालचे थर दिसतील असा आणखी एक. मोबाइलवरचं लोकेशन टिपून ठेवा. आणि जवळच्या कॉलेजच्या भूशास्त्र विभागाला, नाहीतर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणच्या नागपूर कार्यालयाला कळवा. पाच मिनिटांचं काम आहे. फेसबुकवर टाकायचं तर खुशाल टाका, पण नेमकी जागा तिथे लिहू नका. दुसऱ्या दिवशी कोणीतरी छिन्नी-हातोडा घेऊन पोचेल.

साडेसहा कोटी वर्षं एक शिंपला दोन्ही झडपा मिटून साक्ष धरून बसलाय. त्याला कोर्टात उभं करायच्या आधीच आपण पेपरवेट करून टाकला, तर पुढच्यांनी नकाशावर ठिपके जोडायचे तरी कशाच्या जोरावर?